घरच्या चित्रफितींचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण बहुधा देवळांच्या संबंधांत वापरतों. भिंतीला तडे जातात, शिखरावर पिंपळ उगवतो, गाभाऱ्यांत पाणी ठिबकूं लागतें. मग गांवकरी वर्गणी गोळा करतात आणि पडूं पाहणारें देऊळ पुन्हां उभें राहतें. आपल्या घरांतहि आज अशीच एक वस्तु जीर्ण होत चालली आहे. पण ती कपाटाच्या वरच्या कप्प्यांत असल्यामुळें तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मुंज, विवाह, बारसें, सहस्रचंद्रदर्शन अशा प्रसंगीं कॅमकॉर्डरनें घेतलेल्या ज्या कॅसेटी घरोघरीं पडून आहेत, त्यांच्याविषयीं आम्ही बोलत आहों.

या कॅसेटी आमच्या परभणीसारख्या गांवीं मुख्यत्वें तीन वाटांनीं आल्या. १९८२ सालीं दिल्लीस एशियाड खेळ झाले आणि दूरदर्शन रंगीत झालें. पुढील दहा वर्षांत व्हीसीआर यंत्रें जिल्ह्याच्या गांवापर्यंत पोहोंचलीं आणि लग्नाचें 'शूटिंग' करणारे छायाचित्रकार मोठ्या व्हीएचएस कॅसेटी देऊं लागले. ही जात जपानांत १९७६ सालीं निघालेली. दुसरी वाट परदेशस्थ आप्तांची. अमेरिकेस गेलेला भाचा किंवा पुतण्या सुटींत येतांना तळहातावर मावेल असा कॅमेरा आणी. त्यांत १९८५ सालीं प्रचारांत आलेली ८ मिलिमीटर रुंदीची फीत असे. तिसरी वाट पुण्या-मुंबईस नोकरी करणाऱ्या मुलांची. त्यांच्या हातीं २००० सालाच्या सुमारास मिनी-डीव्ही जातीचे कॅमेरे आले. या जातीचा जन्म १९९५ चा. सारांश, एकाच घरांत तीन जातींच्या कॅसेटी, आणि एका जातीची कॅसेट दुसरीच्या यंत्रांत जावयाची नाहीं, अशी स्थिति झाली.

कॅसेट कपाटांत आहे म्हणजे प्रसंग जपला गेला, अशी बहुतेकांची समजूत असते. ती खरी नाहीं. या कॅसेटींतील चित्रें संगणकावर उतरवून त्यांच्या डीव्हीडी तबकड्या करणें हें काम आम्हीं गेल्या कांहीं वर्षांत घरच्या घरीं, मुलानातवंडांच्या साहाय्यानें केलें. त्यांत जें कळलें तें वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथें मांडतों.

पोथी आणि फीत

ज्यांचें थोडेंबहुत संस्कृत झालें आहे, त्यांना जुन्या पोथ्यांची कथा ठाऊक असते. भूर्जपत्र, ताडपत्र, कागद यांपैकीं कोणतेंहि द्रव्य अमर नाहीं. आपल्या उष्ण आणि दमट हवेंत ताडपत्र कांहीं शतकें टिकलें म्हणजे पुष्कळ टिकलें. तरीहि दोन दोन हजार वर्षांपूर्वीं रचलेले ग्रंथ आज आपणांस वाचावयास मिळतात. ते टिकले ते पानांच्या बळावर नव्हे; दर कांहीं पिढ्यांनीं कोणीतरी दिव्यापाशीं बसून त्यांची नवी प्रत केली, म्हणून टिकले. ज्यांची प्रत कोणीं केली नाहीं, त्यांचीं नांवें तेवढीं टीकाकारांच्या उल्लेखांत उरलीं. प्रत करणारा लेखक पोथीच्या शेवटीं विनवीत असे कीं, हिला तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, बांधणी सैल होऊं देऊं नका आणि मूर्खाच्या हातीं देऊं नका. चित्रफितीच्या बाबतींत या उपदेशांतील एक अक्षरहि बदलावयाचें कारण नाहीं.

मात्र नक्कल करतांना चूक शिरते, हेंहि तितकेंच खरें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी केली, तेव्हां बाराशेंहून अधिक हस्तलिखितें ताडून पाहावीं लागलीं होतीं; कारण प्रत्येक लेखकाच्या हातून कांहीं गळलेलें, कांहीं वाढलेलें. व्हीएचएस आणि जुन्या ८ मिलिमीटर फितींची गत अशीच आहे. त्यांवर चित्र चुंबकीय लहरींच्या रूपानें असतें, आणि फितीवरून फितीवर नक्कल केली कीं दर वेळीं रंग फिके होतात, कडा पुसट होतात. मिनी-डीव्ही फितीवर चित्र अंकांच्या रूपानें लिहिलेलें असतें. अंक जसेच्या तसे उतरले तर शंभरावी नक्कलहि मूळाइतकीच शुद्ध असते. म्हणून आमचा पहिला सिद्धांत असा कीं, फितीवरचें चित्र एकदां उत्तम रीतीनें अंकांत आणावें. पुढें नकला करण्यास भय नाहीं.

प्रतीचें महत्त्व आमच्या जिल्ह्यास तरी वेगळें सांगावयास नको. गोदाकांठच्या गंगाखेडच्या जनाबाईंची वाणी आज गाथ्यांत छापलेली आहे, ती अगोदर किती मुखांतून आणि किती वह्यांतून उतरली असेल! आपल्या काळांतील उदाहरण हवें असेल तर जात्यावरच्या ओव्यांचें घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉईटव्हॅं यांनीं विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत खेड्यापाड्यांतून एक लक्षाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत आमच्या जिल्ह्यांतील ताडकळस गांवच्या ओव्याहि आहेत. पुष्कळ ओव्यांचें ध्वनिमुद्रणहि झालें, आणि २०१७ पासून त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहांत सर्वांस ऐकावयास मिळतात. गिरण्या आल्या, जातीं थांबलीं. तो स्वर राहिला तो प्रत झाली म्हणून.

उलट जेथें प्रत नव्हती तेथें काय झालें? १९३१ सालचा 'आलम आरा' हा हिंदुस्थानांतील पहिला बोलपट. त्याची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. जानेवारी २००३ मध्यें पुण्यास आग लागून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचीं जुनीं नायट्रेट रिळें मोठ्या संख्येनें जळालीं. पण दादासाहेब फाळक्यांचा १९१९ सालचा 'कालिया मर्दन' बऱ्याच अंशीं शिल्लक आहे. त्याच्या आरंभीं बालकृष्णाची भूमिका करणारी त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी निरनिराळे हावभाव करून दाखविते. एका बापानें टिपलेला आपल्या मुलीचा चेहरा शंभर वर्षांनंतरहि हालतांना दिसतो! प्रत्येक घरांतील कॅसेटींत असाच एखादा चेहरा आहे. त्याला सरकारी संग्रहालय नाहीं, एवढाच फरक.

फितीचे रोग

फीत म्हणजे प्लॅस्टिकची अरुंद पट्टी. तिच्यावर चुंबकीय कणांचा लेप, आणि तो लेप धरून ठेवणारें एक चिकट द्रव्य. हवेंतील ओल या द्रव्यांत शिरून त्याची पकड सैल करते. कण सुटूं लागले कीं ते यंत्राच्या वाचणाऱ्या डोक्यावर साचतात आणि पडद्यावर पांढरे ओरखडे दिसतात. परभणीस वैशाखांत पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि श्रावणांत भिंतींना ओल येते. पत्र्याच्या छपराखालीं, माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटांत ठेवलेली कॅसेट हे दोन्ही ऋतु पुरेपूर भोगते. कॅसेटीच्या खिडकींतून पाहिलें असतां गुंडाळीच्या कडेला पांढरी तंतुमय बुरशी दिसली, तर ती कॅसेट यंत्रांत मुळींच घालूं नये. बुरशी यंत्राला लागते आणि त्यांत मागून घातलेल्या निरोगी कॅसेटींनाहि बाधते. अशी कॅसेट निराळ्या पिशवींत ठेवून जाणकाराकडून साफ करून घ्यावी.

फितीपेक्षांहि वेगानें नाहींशीं होत आहेत तीं यंत्रें. व्हीसीआर बनविणारा अखेरचा ज्ञात कारखाना जपानांतील फुनाई कंपनीचा. त्यानें जुलै २०१६ मध्यें तें काम थांबविलें. सोनी कंपनीनें मिनी-डीव्ही कॅसेटींचें उत्पादनहि फेब्रुवारी २०२५ मध्यें बंद केलें. रबरी पट्टे सैल झालेलें, डोकें झिजलेलें एखादें यंत्र दुरुस्त करणारा कारागीर आज जिल्ह्याच्या ठिकाणीं शोधावा लागतो. उद्यां तो पुण्यासहि मिळेल कीं नाहीं, याची शंका आहे. पोथी निदान डोळ्यांनीं वाचतां येते. फितीला यंत्र नसेल तर ती निव्वळ काळी पट्टी.

दोन्ही जातींचा नाश होण्याची रीत भिन्न आहे, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. व्हीएचएस चित्र म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीप्रमाणें हळूहळू मंदावतें. मिनी-डीव्ही चित्र मात्र शेवटपर्यंत लख्ख असतें, आणि अंक वाचतां येईनासे झाले कीं एकाएकीं त्याच्या चौकटी चौकटी होतात व आवाज तुटतो.

याचा अनुभव आमच्या घरीं आला. २००१ च्या दिवाळींत पुतण्यानें आमच्या आत्यांना ओसरीवर बसवून त्यांच्या लहानपणच्या आठवणी मिनी-डीव्ही कॅमेऱ्यानें टिपल्या. १९४८ च्या उन्हाळ्यांत रझाकारांच्या दहशतीमुळें निजामी राज्यांतील पुष्कळ कुटुंबें सरहद्द ओलांडून वऱ्हाडांत गेलीं; त्यांत आत्यांचें माहेर, म्हणजे आमचें घरहि होतें. आत्या तेव्हां बारा वर्षांच्या. पुढें पुतण्या कॅमेऱ्यासह बंगलोरास गेला आणि कॅसेट येथें राहिली. २००९ सालीं आत्या वारल्या. २०१४ सालीं पुतण्या कॅमेरा घेऊन आला, तेव्हां ती कॅसेट प्रथमच संगणकाला जोडली गेली. चित्र इतकें स्वच्छ कीं आत्यांच्या कपाळावरची गोंदणखूणहि दिसावी. त्या सांगत होत्या : "गाडी पैनगंगेत उतरली. पलीकडं कंदील हालत होते. आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला अन् म्हटली, लेकरा, हूं का चूं करूं नकोस." आणि तेथें चित्राचे तुकडे झाले. चार मिनिटें पडद्यावर नुसत्या रंगीत चौकटी आणि खरखर. फीत तीनदां चालविली, दुसऱ्या कॅमेऱ्यांत घालून पाहिली. तींच चार मिनिटें रिकामीं. पुढें आवाज आला तो असा : "...मग पहाट झाली." त्या नदींत काय घडलें, कंदील कोणाचे होते, बरोबरच्या दुसऱ्या गाडीचें काय झालें, हें सांगणारें आतां आमच्या कुळांत कोणी नाहीं. सतरा सप्टेंबरला दरवर्षीं मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा झेंडा वर चढतो, त्या वेळीं आम्हांला तीं चार मिनिटें आठवतात.

प्रत करण्याची कृति

आतां मुख्य कामाकडे वळूं. प्रथम सर्व कॅसेटी एकत्र करून त्यांची यादी करावी : जात, वेष्टनावरील मजकूर, अंदाजें साल. प्रत्येक कॅसेटीच्या कडेला एक लहान खीळ असते. ती सरकविली (व्हीएचएसमध्यें मोडली) म्हणजे त्या कॅसेटीवर नवें चित्र चढूं शकत नाहीं. हें आधीं करावें. एका चुकीच्या बटनानें मुंजीवर क्रिकेटचा सामना चढल्याचीं उदाहरणें आम्हांस ठाऊक आहेत. नंतर कॅसेट एकदां शेवटपर्यंत पुढें व पुन्हां मागें गुंडाळावी, म्हणजे वर्षानुवर्षें एकाच स्थितींत राहिलेल्या फितीचा ताण सारखा होतो. थंड खोलींतून आणलेली कॅसेट लगेच यंत्रांत घालूं नये. खोलीच्या हवेशीं तिची सांगड होऊं द्यावी.

मिनी-डीव्ही कॅसेटीसाठीं कॅमेरा आणि संगणक यांना फायरवायर नांवाच्या तारेनें जोडावें लागतें. हल्लींच्या नव्या संगणकांत ही सोय बहुधा नसते; म्हणून घरांत २००५-१० च्या सुमाराचा संगणक असेल तर तो भंगारांत टाकण्यापूर्वीं हें काम उरकून घ्यावें. ८ मिलिमीटर कॅसेटींसाठीं डिजिटल-८ जातीचा कॅमेरा उसना मिळाल्यास फार उत्तम. त्यांतील पुष्कळ कॅमेरे जुन्या फिती वाचून त्यांचें चित्र अंकरूपानें फायरवायरमधून देतात. व्हीएचएससाठीं मात्र व्हीसीआरच्या पिवळ्या, पांढऱ्या व तांबड्या तारा एका लहानशा रूपांतरक यंत्रांतून संगणकास जोडाव्या लागतात. पिवळी तार चित्राची, पांढरी व तांबडी आवाजाच्या.

अमेरिकेंत घेतलेल्या कॅसेटींत एक विशेष अडचण असते. तेथील चित्रपद्धति एनटीएससी. तींत ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारें ३० चित्रें. आपली पाल पद्धति ६२५ रेषांची आणि २५ चित्रांची. अमेरिकेंतील कॅसेट येथल्या जुन्या व्हीसीआरमध्यें घातली कीं चित्र काळेंपांढरें दिसतें किंवा वरखालीं धांवतें. ती फीत बिघडलेली नसते. दोन्ही पद्धति जाणणारें यंत्र मिळवावें, आणि संगणकांतहि ती एनटीएससी म्हणूनच नोंदवावी.

या कामांत घाई चालत नाहीं. एक तासाची फीत संगणकावर उतरण्यास एक तासच लागतो. वाचनाला जेवढा वेळ, तेवढाच लेखनाला. त्यामुळें वीज जाण्याचा संभव असेल त्या वेळीं काम काढूं नये, किंवा इन्व्हर्टरची सोय करून बसावें. मिनी-डीव्हीच्या एका तासास संगणकावर सुमारें १३ गिगाबाइट जागा लागते. हार्ड डिस्क जुन्या फॅट-३२ पद्धतीनें आंखलेली असल्यास ४ गिगाबाइटच्या पुढें एक फाईल वाढत नाहीं, आणि पंधरा-वीस मिनिटांनीं काम आपोआप थांबतें. पुष्कळांना ही कॅमेऱ्याची खोड वाटते, पण दोष आंखणीचा असतो.

यानंतर डीव्हीडीची पायरी. साध्या तबकडीवर ४.७ गिगाबाइट मावतात. म्हणजे १३ गिगाबाइटचें चित्र एमपेग-२ नांवाच्या पद्धतीनें आवळून बसवावें लागतें. धान्य पोत्यांत दाबून भरावें तसें. येथें लोभ आड येतो. एका तबकडीवर एक तास ठेवला तर चित्र चांगलें राहतें, दोन तास बरे दिसतात, आणि चार तास कोंबले तर होमाच्या धुरांत सगळ्या चेहऱ्यांच्या चौकटी होतात. तबकडीची किंमत अल्प आहे. तेथें काटकसर करूं नये. आणखी एक बारकावा असा कीं, कॅमेऱ्याचें प्रत्येक चित्र सम आणि विषम रेषांच्या दोन अर्धांचें बनलेलें असतें. कोणता अर्ध आधीं, हें संगणकाला चुकीचें सांगितलें तर चालणारीं माणसें अडखळत धांवतांना दिसतात. डीव्ही चित्रांत खालचा अर्ध आधीं असतो, एवढें लक्षांत ठेवलें म्हणजे पुरे.

विंडोज एक्सपीच्या काळांत 'मूव्ही मेकर' आणि विस्ता व विंडोज ७ मध्यें 'डीव्हीडी मेकर' हीं साधनें संगणकाबरोबरच येत. पुढें तीं काढून टाकण्यांत आलीं. आतां 'डीव्हीडी-स्टायलर' सारखीं विनामूल्य साधनें घेऊन काम भागतें. तबकडीवर अनुक्रमणिका करतां येते. "मातृभोजन", "भिक्षावळ", "आहेर" अशीं प्रकरणें पाडलीं म्हणजे पाहणाऱ्याला हवें तेथें जातां येतें. तबकडी सावकाश गतीनें लिहावी, शेवटीं ती 'फायनलाइझ' करावी, नाहींतर दुसऱ्या यंत्रांत चालत नाहीं. तबकडीवर कागद चिकटवूं नये. मऊ टोंकाच्या पेनानें मधल्या भागांत लिहावें, आणि उन्हापासून ती दूर ठेवावी, कारण लिहिलेली तबकडी म्हणजे रंगाचा थर, आणि रंग उन्हानें उडतो.

आवाज मोडूं नये

एक सूचना आग्रहानें करावीशी वाटते. आमच्या एका स्नेह्यांनीं घरच्या तीन तासांच्या कॅसेटी एका स्टुडिओला दिल्या. परत आली ती सव्वा तासाची झकपक तबकडी; मध्यें फुलें फिरत होतीं, हृदयाकृति उघडत होत्या, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमांतील गाणीं वाजत होतीं. मंगलाष्टकें म्हणणारा त्यांच्या वडिलांचा आवाज त्या गाण्यांखालीं गाडला गेला होता. मूळ कॅसेटी मागितल्या, तेव्हां त्या टाकून दिल्याचें समजलें. वडिलांचा दुसरा ध्वनिलेख त्या घरांत नाहीं.

म्हणून प्रथम जशीच्या तशी, कांहींहि न कापतां, पूर्ण प्रत करावी. मग हौस असेल तर त्यावरून आटोपशीर तबकडी निराळी करावी. जें आज कंटाळवाणें वाटतें तेंच उद्यां मोलाचें ठरतें. पंगतींत वाढणाऱ्या बायकांचें बोलणें, "काय करायलास रे" ही आमच्याकडची विचारण्याची तऱ्हा, मागें वाजणारा सनईचौघडा, भिंतीवरचें कॅलेंडर, पाडलेल्या वाड्याचा दिंडीदरवाजा : यांपैकीं कांहींहि कोणीं मुद्दाम टिपलेलें नसतें, आणि म्हणूनच तें खरें असतें. आणि मूळ कॅसेट प्रत झाल्यावरहि टाकूं नये. मूळ पोथी नदींत सोडण्यापूर्वीं नव्या प्रतीचें प्रत्येक पान ताडून पाहण्याची रीत होती; आपण तर मूळ सोडण्याचीहि घाई करण्याचें कारण नाहीं.

तबकडी हा मुक्काम, शेवट नव्हे

डीव्हीडी १९९६ सालीं जपानांत विक्रीस आली, तेव्हां ती चिरंतन आहे असें पुष्कळांना वाटलें. आज दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक नव्या लॅपटॉपांत तबकडी घालण्यास जागाच नसते. ज्या नातवासाठीं आपण तबकडी करतों, त्याच्या घरीं ती वाचणारें यंत्र असेल कीं नाहीं, हें सांगतां येत नाहीं. यावरून तबकडी करूंच नये, असें आमचें म्हणणें नव्हे. वृद्ध मंडळींना दूरदर्शन संचासमोर बसून दोन बटनें दाबून पाहतां येतें, नातेवाइकांना आहेरासारखी एकेक प्रत देतां येते, हे तिचे गुण खरेच आहेत. परंतु आवळलेली तबकडी हीच एकमेव प्रत समजूं नये. संगणकावर उतरलेलें मूळ, न आवळलेलें चित्र एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावें. तशीच दुसरी डिस्क दुसऱ्या गांवीं, मुलाकडे किंवा लेकीकडे ठेवावी. आग, पूर, चोरी यांपैकीं कोणतीहि आपत्ति एकाच दिवशीं दोन गांवीं येत नाहीं. दर पांच वर्षांनीं दोन्ही उघडून पाहाव्या आणि नव्या डिस्कवर उतरवाव्या. जुन्या घरांत सरस्वतीपूजनाच्या दिवशीं पोथ्या बाहेर काढून झटकीत असत. तोच दिवस या कामास योजला तर विसर पडणार नाहीं.

ओळखणारीं माणसें

हें सर्व झालें तरी एक काम राहतें, आणि तें कोणत्याहि यंत्रानें होत नाहीं. १९९४ च्या मुंजीच्या कॅसेटींत मांडवांत दीडशें माणसें दिसतात. त्यांपैकीं आमच्या पिढीला शंभर ओळखूं येतात, मुलांना तीस, आणि नातवंडांना पांच. फीत आणखी दहा वर्षें टिकेल कदाचित्. पण ती लाल नऊवारींतली, डोळ्यांवर हात धरून हंसणारी बाई कोण, हें सांगणाऱ्या वहिनींना आज ऐंशीवें लागलें आहे.

यासाठीं आम्हीं एक पद्धत ठरविली आहे. प्रत तयार झाली कीं घरांतील सर्वांत वृद्ध माणसांना दूरदर्शनसमोर बसवावें आणि एका मुलानें वही घेऊन शेजारीं बसावें. जेथें नवा चेहरा दिसेल तेथें चित्र थांबवून वेळ टिपावी : मिनिट, सेकंद, नांव, नातें, गांव. "बारा मिनिटें चाळीस सेकंद : जिंतूरच्या मावशी, उजवीकडे त्यांची थोरली सून." अशा टिपणांची एक प्रत तबकडीच्या डब्यांत आणि एक हार्ड डिस्कमध्यें ठेवावी. एका तासाच्या फितीला तीन तास लागतात, कारण प्रत्येक चेहऱ्याबरोबर एक गोष्ट निघते. त्या गोष्टी बोलणाऱ्याच्या आवाजांत मोबाइलवर टिपून घ्याव्या. टीकेवांचून मूळ ग्रंथ जसा दुर्बोध, तशी या टिपणांवांचून चित्रफीत मुकी. आमच्या आत्यांची कथा अर्धी राहिली ती फितीच्या दोषानें. परंतु ज्यांच्या फिती शाबूत आहेत त्यांची कथा ओळखणाऱ्यांच्या अभावीं अर्धी राहिली, तर दोष फितीला देतां येणार नाहीं.

ऋषींचें ऋण स्वाध्यायानें फिटतें असें शास्त्र सांगतें. त्यांत ग्रंथ रचणें जितकें येतें, तितकेंच मिळालेला ग्रंथ पुढच्याच्या हातीं शुद्ध पोहोंचविणेंहि येतें. आमच्या मतें घरच्या या दहापांच कॅसेटींचें काम त्याच जातीचें आहे. त्यास मोठें द्रव्य लागत नाहीं. एक चालूं स्थितींतलें यंत्र, एक जुना संगणक, कांहीं रविवार आणि घरांतील एक चौकस नातवंड एवढीं पुरतात. यंत्र शेजाऱ्याकडे असेल तर मागून आणावें, आपल्याकडे असेल तर शेजाऱ्यास द्यावें. आणि ज्या घरांत अद्याप कोणी वडीलधारें माणूस ओळख पटवून देण्यास समर्थ आहे, त्या घरानें पहिली कॅसेट येत्या रविवारींच काढावी.